घरत सरांची सरळ रेघ

घरत सरांच्या फोटोला शाळेने प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घातला होता. तो पाहून मला शोकसभेतच हसू फुटलं. शेजारी बसलेल्या बाईंना तो हुंदका वाटला आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ज्या माणसाने आयुष्यभर तापावरची गोळी घेतली नाही, रासायनिक खतावरची भेंडी नुसत्या वासाने ओळखून ताटाबाहेर काढली, पाण्याची प्लॅस्टिकची बाटली पुढे केली तर ओंजळीने नळाचं पाणी प्यायलं, त्याच्या गळ्यात हा हार. सर जिवंत असते तर फोटोतून उठून त्यांनी तो स्वतः काढून ठेवला असता.

भाषणं व्हायची तशी झाली. नवे मुख्याध्यापक म्हणाले, "घरत सर निसर्गाशी एकरूप झाले होते." पहिल्या रांगेत जुने मुख्याध्यापक बसले होते. निसर्ग हा शब्द ऐकताच त्यांचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर गेला. सभेत घरत सरांची खरी आठवण तेवढीच एक निघाली, आणि तीही न बोलता.

त्या गुडघ्याची गोष्ट आधी सांगते, कारण घरत सर म्हणजे काय हे तिच्यात बरंचसं येतं. जुन्या मुख्याध्यापकांचा गुडघा दुखायचा. अलिबागच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. सरांनी त्या गोळ्यांची पट्टी उलटीपालटी करून पाहिली आणि मेलेली पाल टाकावी तशी टेबलाच्या कडेला सरकवली. "ह्यो केमिकल हाय सर. उद्या मी झाडाचं औषध आणतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी बिब्बा आणला, तो स्वतः गरम केला, आणि शिक्षकखोलीत मुख्याध्यापकांची पँट वर करून गुडघ्याला लावला. संध्याकाळपर्यंत बिब्बा असा उतला की गुडघ्यावर लिंबाएवढे फोड आले. मुख्याध्यापक पंधरवडाभर धोतर नेसून शाळेत येत होते. सर रोज तो गुडघा तपासायचे आणि समाधानाने मान हलवायचे. "विष बाहेर पडतंय," म्हणायचे. "आत ऱ्हायलं असतं तं काय झालं असतं, इचार करा."

घरत सर चित्रकला शिकवायचे, मी विज्ञान. काशीदहून मुरूडकडे जाताना वाटेत जी लहान बंदरं लागतात, त्यांतल्या एका गावची आमची शाळा. वीस-बावीस वर्षं आम्ही एका शिक्षकखोलीत बसलो, आणि त्यांचं घर माझ्या घराच्या कुंपणापलीकडे. म्हणजे शाळेत चुकवलं तरी घरी सापडायचे. ते मूळचे पेणकडच्या मिठागरवाल्या घरातले. मिठागराचा बांध तसूभर वाकडा गेला तर पाणी पळतं, हे बाळकडू. त्यामुळे सरळ रेघ हा त्यांचा धर्म होता. वर्गात ते शुद्ध बोलायचे, पण रंगात आले किंवा रागावले की घरची बोली बाहेर यायची, आणि ते नेहमीच रंगात तरी असत किंवा रागात तरी.

फळ्यावर ते हाताने वर्तुळ काढायचे. कंपास नाही, दोरी नाही. खांद्यातून हात एकदा फिरला की वर्तुळ तयार, आणि त्याची दोन टोकं कुठे जुळली ते शोधून सापडायचं नाही. गणिताचे शिक्षक हेव्यापोटी एकदा कंपास घेऊन ते वर्तुळ तपासायला गेले. मग गुपचूप कंपास खिशात घालून परत आले. मुलांना सरांचं एकच सांगणं असायचं: "अक्षर सरळ काढा रे. अक्षर सरळ असलं की लोक इश्वास ठेवतात. आत काय लिवलंय ते नंतर बघतात." हे ते गमतीने म्हणायचे. त्यात केवढं सत्य आहे हे तेव्हा त्यांनाही कळलं नसावं.

माझ्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी मानवी मेंदूचा एक मोठा तक्ता रंगवला होता. तो रंगवताना त्यांनी माझं डोकं खाल्लं. मेंदूच्या खाली मागच्या बाजूला तो लहान मेंदू असतो, त्याच्या घड्यांवर ते चार दिवस बसले. "बाई, ह्यो तं फ्लॉवरचा गड्डा! बघा, निसर्गानं माणसाच्या डोस्क्यात बी भाजीच ठेवलीय." खाली टपोऱ्या अक्षरात त्यांनीच लिहिलं: अनुमस्तिष्क – शरीराचा तोल सांभाळणे. कित्येक वर्गांनी ते वाक्य त्या तक्त्यावरून पाठ केलं. तक्ता अजून आहे. वाळवीने कडा खाल्ल्या, पण फ्लॉवर शाबूत आहे.

पण सरांची खरी ख्याती शाळेत नव्हती, बंदरावर होती. आमच्या बंदरात एक रीत आहे. नारळी पौर्णिमेआधी वाळूवर ओढून ठेवलेली होडी रंगवली, की तिच्या अंगावरचा पांढरा पट्टा एकाच माणसाने एका दमात काढायचा. ब्रश रंगात बुडवायला उचलला तर चालतो, पण पाय थांबता कामा नयेत. होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुरुवात करायची आणि चालत चालत मागच्या टोकाला पोचायचं. तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, बायको नारळ घेऊन मागून चालते आणि पट्टा जिथे संपतो तिथे नारळ फोडते. पाय थांबले, तर पट्टा पुसून पुन्हा पहिल्यापासून. कुणी म्हणतं पट्टा तुटला तर वर्षभर जाळं तुटतं. मी विज्ञानाची बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण सर पट्टा काढायला निघाले की मीही पेपर तपासायचे टाकून वाळूवर जाऊन उभी राहायचे. डाव्या हातात रंगाचा डबा, उजव्या हातात ब्रश, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत, आणि पायाखाली मऊ वाळू. एवढा किरकिरा, हेकट, दुसऱ्याचं ऐकून न घेणारा माणूस त्या वेळी फार सुंदर दिसायचा. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी लगेच मला कडुनिंबाचा काढा पाजला असता.

आता त्यांच्या तंबाखूकडे येते. केमिकलला शिवायचं नाही असं व्रत घेतलेला हा माणूस दर तासाला चुना-तंबाखू मळायचा. डाव्या तळहातावर चिमूट, त्यावर नखाने चुना, मग उजव्या अंगठ्याने घोटायचं, दोन थापट्या, फुंकर, आणि गालात. शिक्षकखोलीत ठसक्यांची लाट उठायची. सोडायचं ते दर वर्षी ठरवायचे. मुलीच्या लग्नात सोडली, नात झाली तेव्हा सोडली, निवृत्तीच्या दिवशी तर सगळ्या गावासमोर सोडली. सत्काराचा नारळ घरी पोचायच्या आत पुन्हा धरली. मी एकदा विचारलं, "सर, झाड कुणाचं वाईट करत नाही म्हणता, मग ही तंबाखू काय गिरणीत विणतात?"

"तंबाखू चांगलीच व्हती, बाई. कंपनीवाले तिच्यात केमिकल घालतात."

असं उत्तर आलं की वाद संपतो. जिंकल्यामुळे नव्हे, समोरचा दमल्यामुळे.

सर निवृत्त झाले त्याच सुमारास काशीदच्या बाजूला, सुरूच्या बनात, एक केंद्र उघडलं. त्याला लांबलचक संस्कृत नाव होतं. गावाने ते सोडून दिलं आणि त्यांना 'मुळीवाले' म्हणायला सुरुवात केली. मुंबईहून मांडव्याला बोटीने माणसं यायची, मांडव्याहून गाडीने इथे. सैल पांढरे कपडे, अनवाणी, आणि डोळ्यांत खूप महागडं दुःख. त्यांना तिथे आफ्रिकेतल्या कुठल्याशा झुडपाच्या मुळाची साल द्यायचे. ती घेतली की माणसाला उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडतात, जुनी दुखणी वर येतात आणि दारू, सिगारेट, काय असेल ती सवय सुटते, असं सांगत. केंद्र चालवणारे ईशानजी तिशीतले होते. आधी जाहिरातीत होते. आपण कशातून बाहेर पडलो हे ते खूप सांगायचे, कशात शिरलो हे कमी.

त्यांना रस्त्यावर एक भला मोठा फलक हवा होता. तो रंगवायला घरत सर गेले, आणि मुंबईच्या माणसाला अक्षराची किंमत कळते म्हणून खूष झाले. फलकावर काय लिहायचं ते ईशानजींना सुचत नव्हतं. सरांनी आपलं ठेवणीतलं वाक्य दिलं: झाड कुणाचं वाईट करत नाही. ईशानजी म्हणे जागेवरच डोळे मिटून बसले. "सर, धिस इज इट. यही तो बात है." फलक झाला. एवढी देखणी अक्षरं मी सरांच्या हातूनही आधी पाहिली नव्हती. धावत्या एस.टी.तून वाचता यायची, आणि वाचली की बरं वाटायचं. त्या कामाचा मोबदला म्हणून सरांना मुळीचा एक प्रयोग फुकट मिळणार होता. तंबाखू मुळासकट उपटून निघेल, असा ईशानजींचा शब्द होता. "तुमचा ब्रेन ना सर, हँग झालाय. आम्ही फक्त रिसेट करतो."

सर हे मला कुंपणावरून सांगत होते. मी त्या मुळीबद्दल जेवढं मिळालं तेवढं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गाठलं. म्हटलं, "सर, उंदरांना हे मोठ्या मात्रेत दिलं तेव्हा त्यांच्या लहान मेंदूतल्या पेशी मेल्या. तोल सांभाळणाऱ्या. तुमच्या त्या फ्लॉवरातल्या. हृदयाचे ठोके बिघडून माणसं दगावलीही आहेत. माणसाच्या मेंदूचं नक्की काय होतं ते अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही."

"मी काय उंदीर हाय?"

"नाही. उंदराला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही आपल्या पायाने चाललाय."

"बाई, तुमी झाडांना घाबरता."

"हो, घाबरते. धोतरा झाडच आहे. कण्हेर झाडच आहे. बिब्ब्याचं तर मुख्याध्यापकांनाच विचारा."

बिब्ब्याचं नाव काढल्यावर ते रागावले आणि कुंपणाजवळचा दिवा मालवून आत निघून गेले. आणि दोनच दिवसांनी पिशवीत टॉवेल घालून केंद्रावर गेले.

तिथे काय झालं ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. मुळी घेतली आणि सर दीड दिवस आडवे होते. ओकारीवर ओकारी, डोकं हलवलं की खोली फिरायची, पाय आपले वाटत नव्हते. ईशानजी शेजारी बसून वाटीसारखं काहीतरी वाजवत होते. "दिसलं काय?" मी विचारलं. मला वाटलं, आता देव तरी निघणार किंवा मिठागर.

"फळे दिसले, बाई. शाळेतले सगळे फळे. एकामागं एक, एकामागं एक. आन सगळे कोरे."

हे सांगताना ते हसले, पण मला हसता आलं नाही.

पहिली शंका मला अगरदांड्याच्या जेट्टीवर आली. एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही दोघं दिघीला चाललो होतो. फेरीबोट लागली की सर तिच्या उतरत्या फळीवरून नेहमी खिशात हात घालून चालायचे, आणि माझ्यासारख्या चाचपडणाऱ्या बायकांकडे मागे वळून कीव केल्यासारखं बघायचे. त्या दिवशी त्यांनी फळीवर एक पाय ठेवला, थांबले, आणि माझी छत्री मागितली. "ऊन लागतंय," म्हणाले. छत्री मात्र उघडली नाही. टेकत टेकत गेले.

मग हळूहळू एकेक दिसायला लागलं. चहाचा कप बशीत वाजायचा. सदऱ्याची बटणं वरखाली लागायची. शाळेत एकदा पाहुणे म्हणून बोलावलं होतं, मुलांनी वर्तुळाचा हट्ट धरला. सरांनी खडू उचलला, खांद्यातून हात फिरवला, आणि फळ्यावर बटाटा उमटला. मुलं हसली. सरही हसले, म्हणाले, "हा बटाटा काढला, आता वर्तुळ काढतो," आणि घड्याळ बघून, उशीर झाला म्हणून निघून गेले.

मुलगी त्यांना ओढून अलिबागला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत मी. डॉक्टरांनी बोटाने नाक शिवायला लावलं. सरांचं बोट गालाला लागलं. मग डॉक्टर म्हणाले, "काका, ही लाद्यांची रेघ आहे ना, तिच्यावरून सरळ चालून दाखवा. टाचेला अंगठा लावत." घरत सरांना सरळ रेघ दाखवत होते! सर दोन पावलं चालले आणि तिसऱ्याला भिंतीला टेकले. मला एवढा राग आला की त्या वेळी ईशानजी समोर असते तर मी त्यांच्या हातातली वाटी हिसकावून त्यांच्याच डोक्यावर वाजवली असती.

डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "लहान मेंदूच्या कामात गडबड दिसते. त्या मुळीमुळे असू शकते. वयामुळे असू शकते, आणखी कशामुळेही. मेंदूच्या फोटोत ठळक काही आलेलं नाही, त्यामुळे मी तिच्यावर बोट ठेवू शकत नाही. पण पुन्हा तिला हात लावू नका." सरांनी या सगळ्यातून दोनच शब्द उचलले. गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत ते म्हणत होते, "असू शकतं! ऐकलंत ना बाई? सिद्ध कुठं झालंय?" केंद्रावर जाऊन विचारलं तर ईशानजींनी सांगितलं, ही मेंदूची साफसफाई चालू आहे, जुनं सगळं बाहेर पडतंय, घाबरायचं नाही. सरांना ते लगेच पटलं. न पटायला काय झालं? मुख्याध्यापकांच्या गुडघ्यावर हेच वाक्य त्यांनी स्वतः वापरलं होतं.

आणि तंबाखू? ती सुटली. अगदी खरोखर सुटली. मी माझ्या पडवीतून बघायचे. सर ओट्यावर बसून तळहातावर चिमूट घेत, आणि अंगठा लावला की तंबाखू एकीकडे, चुना दुसरीकडे, आणि थापटी तिसरीकडे. धोतरावर पांढरे डाग. शेवटी वैतागून त्यांनी पुडी टाकून दिली. दुसऱ्याकडून मळून घ्यायची तर हात का चालत नाही ते सांगावं लागलं असतं, आणि तेवढा कमीपणा घेण्यापेक्षा तंबाखू सोडणं त्यांना सोपं गेलं. केंद्राने मात्र डंका पिटला. दर महिन्याला एकदा सरांना पांढऱ्या गादीवर बसवून मुंबईच्या मंडळींसमोर त्यांचं अनुभवकथन ठेवायचे. "चाळीस वर्षांची तंबाखू एका दिवसात गेली," सर सांगायचे, हात दोन्ही मांड्यांखाली दाबून. टाळ्या व्हायच्या. त्यांचे हात कुणी बघितलेच नाहीत.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. कुंपणावरून ते "बाई" म्हणायचे, मी दोरीवरचे कपडे काढून आत जायचे.

पुढच्या नारळी पौर्णिमेला हरिश्चंद्राची नवी होडी होती. हरिश्चंद्र तांडेल हा सरांचा लाडका विद्यार्थी, चित्रकलेत नव्हे, ऐकण्यात. शाळा सोडून समुद्रावर गेला तरी सर दिसले की ओले हात पुसून पाया पडायचा. नव्या होडीचा पट्टा सर काढणार, हे त्याने लाकूड कापलं तेव्हाच ठरवलं होतं. गावात सगळ्यांना दिसत होतं, पण त्याला सांगणार कोण? मीही वाळूवर गेले. बोलणं टाकलं होतं, बघणं टाकलं नव्हतं.

होडी निळी होती, गडद निळी. सरांनी डबा घेतला, ब्रश घेतला, नाळेपाशी उभे राहिले. मागे हरिश्चंद्राची बायको नारळ घेऊन. सर निघाले. पहिला हात-दोन हात पट्टा ठीक गेला. मग तो वर चढला, खाली उतरला, डब्यातला रंग त्यांच्या पायांवर सांडायला लागला. तरी सर थांबले नाहीत. पाय थांबता कामा नयेत ना! होडीच्या मध्यावर ते वाळूत एका बाजूला कलले, तोल सावरायला रंगाने माखलेला हात टेकला तो होडीवरच, आणि खाली बसले. निळ्या फळ्यांवर त्यांचा पाचही बोटांचा पांढरा पंजा उमटला. सर वाळूत बसून त्या पंजाकडे बघत होते.

हरिश्चंद्राने पुढे होऊन त्यांना उठवलं. त्यांचा हात आपल्या सदऱ्याला पुसला. "ऱ्हाऊ द्या सर. तुमचा हात लागला, त्यो पट्ट्याहून मोठा हाय." बायकोला खूण केली, तिने तिथेच नारळ फोडला. एवढ्यावर थांबला असता तर बरं. पण त्याला सरांना खूष करायचं होतं. म्हणाला, "सर, जनाला बी येत्या सोमवारी मुळीवाल्यांकडं धाडतोय. दारूनं पार खाल्लाय त्याला. आय न्हाय म्हनत व्हती, मी बोल्लो, घरत सरांनी लिवलंय ना बोर्डावर, मंग काय भिऊ नको."

जना म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, त्याच्याच होडीवर जाळं ओढणारा. भर समुद्रात, हलत्या फळीवर उभं राहून. पायांवर ज्याचं पोट, त्याला हीच मुळी द्यायला निघाले होते, आणि तेही सरांच्या अक्षराच्या भरवशावर.

बाजूला उरलेल्या निळ्या रंगाचा डबा होता. तो सरांनी उचलला, हरिश्चंद्राला म्हणाले, "शिडी घे," आणि चालू लागले. मागून मी. मला कुणी बोलावलं नव्हतं.

हरिश्चंद्राच्या टेम्पोने आम्ही सुरूच्या बनापाशी पोचलो. भर दुपार होती, रस्त्यावर काशीदला जाणाऱ्या गाड्या. सर शिडीच्या तीन पायऱ्या चढले. हरिश्चंद्राने त्यांची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली. फलकावरची अक्षरं उन्हात झळकत होती. सर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मला वाटलं, हे आता उतरतात. असं अक्षर त्यांच्या हातून पुन्हा निघणार नव्हतं, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. त्यांनी एका अक्षराच्या कान्यावरून बोट फिरवलं. मग ब्रश निळ्यात बुडवला आणि पहिला पट्टा ओढला.

आतून ईशानजी धावत आले, अनवाणी, एक पाय खड्यांवरून उचलत. "सर! सर, ये क्या कर रहे हो? ये हमारा बोर्ड है!"

"बोर्ड तुमचा ऱ्हाऊ द्या," सर वळून न बघता म्हणाले. "अक्षर माजं हाय. मी परत घेतो."

ईशानजी इंग्रजीत बरंच बोलले. पोलिसांचं नाव काढलं. मग हरिश्चंद्राने नुसतं मान वळवून बघितलं, तेव्हा मोबाइलवर बोलत झाडाखाली जाऊन उभे राहिले. सर पट्ट्यावर पट्टा ओढत होते. प्रत्येक वाकडा, एकावर एक चढलेला, एखादा मध्येच निसटून फलकाच्या चौकटीबाहेर गेलेला. त्यांच्या कपाळावर, कानावर, चष्म्यावर निळे थेंब. शेवटचं अक्षर झाकलं गेलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी.

"बाई, रेघ कशी आलीय?"

"वाकडी," मी म्हटलं. "एकही सरळ नाही."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "सरळ असती तं लोकांनी परत इश्वास ठेवला असता."

मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायची माझी तयारी नव्हती.

जना त्या सोमवारी गेला नाही. पुढे पनवेलला दवाखान्यात राहून आला, पुन्हा प्यायला, पुन्हा गेला. पण होडीवर उभा राहतो. मुळीवाल्यांनी तो फलक उतरवला आणि छापील लावला. मग काही महिन्यांनी तेही गेले, कुठे ते ठाऊक नाही. सुरूचं बन आहे तिथेच आहे. सर त्यानंतर फार काळ राहिले नाहीत. आम्ही कुंपणावरून पुन्हा भांडायला लागलो, ते काढे पाठवायचे, मी ते जास्वंदीला घालायचे, आणि एके सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत. पण शोकसभेतल्या त्या प्लॅस्टिकच्या हाराआडून मला दिसत राहिले ते त्या दुपारचे.

शिडीवरून ते पायाने जमीन शोधत उतरले. हरिश्चंद्राने सोडलं नाही. झाडाखालचे ईशानजी बघत होते, केंद्रातली चार-दोन पांढऱ्या कपड्यांतली माणसंही दाराशी येऊन उभी राहिली होती. गादीवर बसून टाळ्या वाजवणारीच असावीत. सरांनी त्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग मांडीखाली लपवायचे तो उजवा हात पुढे केला, निळ्या रंगाने माखलेला, थरथरणारा, सगळ्यांना दिसेल असा.

"हरी," ते म्हणाले, "माज्या हातानं जमत न्हाय रे. जरा तंबाखू मळ."